नववी शब्दजाती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गावर मराठी व्याकरणाचा तास चालू होता. विषय नेहमीचाच होता, शब्दांच्या आठ जाती. फळ्यावर यादी लिहून झाली तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, इंग्रजीत 'द' आणि 'अ' असतात. त्यांची जात कोणती? आणि मराठीत ते नसतील, तर आपलं आजवर अडलं कसं नाही?"

वर्ग हसला. तिच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सोपे होते. या शब्दांना इंग्रजीत आर्टिकल आणि मराठीत उपपद म्हणतात, एवढे सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. दुसऱ्या भागाचे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. ही मुलगी मराठीत नेटके, विचारपूर्वक लिहिणारी होती. इंग्रजीच्या तासाला मात्र ती तोंड उघडत नसे, कारण बोलताना 'द' राहून जातो आणि शेजारच्या बाकावरून हसू येते, हे तिला ठाऊक होते. म्हणजे तिचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. मराठी शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, ही गोष्ट मला नंतर बराच काळ सलत राहिली. त्या उत्तराच्या शोधात जावे लागले ते इतिहासात, आणि तिथे जे दिसले ते थोडे अनपेक्षित होते. मराठी माणूस इंग्रजी व्याकरण शिकू लागला त्याच सुमारास तो मराठीचे व्याकरणही नव्याने लिहू लागला होता. ही दोन कामे एकाच पिढीने, एकाच टेबलावर बसून केली.

एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईत नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी स्थापन झाली. १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या शाळांतून इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढीत बाळशास्त्री जांभेकर होते, दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. बाळशास्त्र्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. या रचनेकडे आपण सहसा पत्रकारितेच्या इतिहासातील एक बाब म्हणून पाहतो. पण ती त्या पिढीच्या भाषाशिक्षणाचीही रीत होती. दोन भाषा शेजारी ठेवायच्या, आणि एकीच्या उजेडात दुसरी वाचायची.

दादोबांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. संस्कृत व्याकरणाची परंपरा त्यांच्या मागे होतीच, पण समोर नमुना होता तो इंग्रजी व्याकरणाचा, विशेषतः लिंडले मरे याच्या पुस्तकाचा, ही गोष्ट मराठी व्याकरणाच्या अभ्यासकांनी अनेकदा नोंदवली आहे. हा मरे कोण होता, हे पाहणे आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे आहे.

मरे मूळचा पेनसिल्व्हेनियाचा, पेशाने वकील. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर तो इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झाला. तिथल्या क्वेकर पंथीयांच्या मुलींच्या शाळेतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्याने १७९५ मध्ये इंग्रजी व्याकरण लिहिले. पुढे त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. यॉर्कच्या त्या मुली इंग्रजी घरातूनच शिकून आल्या होत्या. त्यांना भाषा शिकवायची नव्हती, तर भाषेतील शिष्टाचार शिकवायचा होता. दोन नकार एकत्र आले की होकार होतो म्हणून तसे बोलू नये, कर्ता अनेकवचनी असेल तर क्रियापदही तसेच हवे, अशा सूचनांची त्यांना गरज होती. म्हणूनच मरेच्या पद्धतीत अशुद्ध वाक्ये देऊन ती शुद्ध करायला लावण्याच्या अभ्यासाला मोठे स्थान होते. आपल्या प्रश्नपत्रिकांतील 'वाक्य शुद्ध करून लिहा' या प्रश्नाचे हे एक पूर्वज म्हणता येईल. पण 'द' कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे यॉर्कच्या मुलीला शिकवावेच लागत नव्हते. मातृभाषकाला जे चुकण्याची भीती असते ते वेगळे, आणि परभाषकाला जे मुळातच येत नसते ते वेगळे. पहिल्यासाठी लिहिलेली व्याकरणपरंपरा दुसऱ्याच्या हाती पडली, आणि आपल्या इंग्रजी शिक्षणातील अनेक पेचांचे मूळ या एका विसंगतीत आहे, असे मला वाटते.

मरेची चौकटही त्याची स्वतःची नव्हती. १५८६ मध्ये विल्यम बुलोकर याने इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण लिहिले, तेव्हा त्याच्यापुढे विल्यम लिलीच्या लॅटिन व्याकरणाचा नमुना होता. व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण, असे मानणाऱ्या त्या काळात इंग्रजीलाही व्याकरण असते हे सिद्ध करायचे, तर ते लॅटिनच्या साच्यात बसवूनच दाखवावे लागले. लॅटिनने तो साचा ग्रीककडून घेतला होता. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग आहेत, आणि त्यांत उपपद हा एक वर्ग आहे. लॅटिन भाषेत उपपद नाही. तेव्हा रोमन व्याकरणकारांनी ते वगळले आणि उद्गारवाचक शब्दांचा स्वतंत्र वर्ग करून आठ ही संख्या भरून काढली. अठराव्या शतकात इंग्रजी व्याकरणकारांनी, रॉबर्ट लाउथने आणि त्याच्यामागून मरेने, उपपदाला पुन्हा जागा दिली, विशेषण नामापासून वेगळे काढले, धातुसाधिताचा स्वतंत्र वर्ग मोडला आणि एकूण नऊ शब्दजाती मानल्या.

आता आपल्या शालेय व्याकरणातील यादी पाहावी. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी, अशा आठ जाती. मरेच्या नवांतून उपपद वजा केले की नेमके हे आठ उरतात. यास्काने पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार प्रकार मानले होते. पाणिनीने पदाची व्याख्या सुबन्त आणि तिङन्त या दोहोंत आटोपली. तेव्हा आपण ज्या आठ जातींना मराठी व्याकरणाचा अगदी पाया समजतो, त्यांची नावे संस्कृत घडणीची असली तरी त्यांची मांडणी ग्रीस, रोम, इंग्लंड असा प्रवास करून आलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमनांनी जी वजाबाकी केली, तीच एकोणिसाव्या शतकात मराठी व्याकरणविचाराने केली. पुढे अरविंद मंगरूळकर, कृ. श्री. अर्जुनवाडकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठी व्याकरणाच्या प्रस्थापित चौकटीचा फेरविचार मांडला, तो या पार्श्वभूमीवर वाचायला हवा.

या उसनवारीला कमीपणा समजण्याचे कारण नाही. प्रीपोझिशन या संज्ञेत 'आधी येणारा' असा अर्थ आहे. मराठीत हे शब्द नामाच्या नंतर येतात, आणि येताना नामाचे सामान्यरूप करून घेतात. आपल्या व्याकरणाने शब्दयोगी ही संज्ञा स्वीकारली आणि 'आधी' हा अंश सोडून दिला. ही आंधळी नक्कल नव्हे. दोन भाषा समोर ठेवून केलेला तो विचार आहे. मेजर टॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून विरामचिन्हे मराठीत आली आणि रुळली. आगरकरांनी १८८८ मध्ये 'वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण' हे पुस्तक लिहून इंग्रजी शाळांतून परिचित झालेली वाक्यपृथक्करणाची रीत मराठी वाक्याला लावून पाहिली. १९११ मध्ये केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झाले, तोवर या तुलनेला जवळजवळ पाऊण शतकाची परंपरा लाभली होती. इंग्रजी व्याकरण शिकता शिकता या माणसांना मराठी नव्याने दिसू लागली होती.

मात्र वजाबाकीत जे गळते ते नजरेआडही होते. उपपद मराठीत नाही म्हणून ते यादीतून गेले, आणि त्याबरोबर उपपद जे काम करते त्या कामाचा विचारही शालेय व्याकरणातून गेला. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. 'द' आणि 'अ' यांचे काम असते ते ऐकणाऱ्याला एवढे सांगण्याचे, की ही वस्तू तुला ठाऊक असलेली आहे, किंवा ही प्रथमच येते आहे. हे काम मराठीही करते, फक्त त्यासाठी वेगळा शब्द ठेवत नाही. 'पुस्तक टेबलावर आहे' असे आपण म्हणतो तेव्हा ते पुस्तक बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या दोघांनाही माहीत असते, ते कुठे आहे एवढेच सांगायचे असते. 'टेबलावर पुस्तक आहे' असे म्हटले की पुस्तकाची ती पहिलीच वार्ता ठरते. इंग्रजीत पहिल्या वाक्यातील पुस्तकाला 'द' लागेल, दुसऱ्यातील पुस्तकाला 'अ'. आपण हे काम शब्दक्रमाने भागवले.

कधी ते विभक्तीनेही भागवतो. 'मुलगी बघायला पाहुणे आले' आणि 'मुलीला बघायला पाहुणे आले' या दोन वाक्यांतील फरक कोणत्याही मराठी घरात समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्यात स्थळ बघण्याचा कार्यक्रम आहे, दुसऱ्यात बहुधा घरातली मुलगी आजारी आहे. गोष्ट सांगणारी आजी 'एक राजा होता' असे म्हणते, आणि पुढच्याच वाक्यात 'राजाला दोन राण्या होत्या' असे म्हणून तो 'एक' टाकून देते. इंग्रजीतल्या गोष्टीत नेमक्या याच जागी 'अ' जाऊन 'द' येतो. ज्या मुलाला आजीची गोष्ट कळली, त्याला 'द'चे तत्त्व आधीच कळलेले असते. ते त्याला कळले आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

उपपदासारखीच गोष्ट काळाची. शाळेत काळांचा तक्ता पाठ करून घेतला जातो. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा. या तक्त्यात काळ म्हणजे घड्याळातला काळ असा एक समज दडलेला असतो. पण मराठी माणूस घरातून निघण्याआधीच 'आलो, आलो!' असे ओरडतो, म्हणजे पुढे घडायच्या गोष्टीसाठी भूतकाळाचे रूप वापरतो. 'उद्या येतो' असे वर्तमानकाळात सांगतो. रूप आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या जिभेला माहीत असते. तेवढे धरून इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ शिकवला, तर 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत चालते आणि इंग्रजीत त्या रूपाबरोबर 'काल' चालत नाही, हा फरक एका उदाहरणात स्पष्ट होतो. तक्ता पाठ करणारा विद्यार्थी ही चूक वर्षानुवर्षे करत राहतो, कारण त्याची चूक अज्ञानातून आलेली नसते. ती मराठीच्या नियमाला धरून असते.

तिसरे उदाहरण प्रयोगाचे. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, असे समीकरण सर्रास सांगितले जाते. 'रामाने पोळी खाल्ली' या वाक्यात क्रियापद पोळीप्रमाणे चालते, म्हणून प्रयोग कर्मणी. पण तिथे कर्ता कुठेही मागे सरकलेला नाही, रामच पुढे आहे. इंग्रजी पॅसिव्हचा मुख्य उपयोग कर्त्याला मागे सारणे किंवा गाळणे हा असतो. त्याच्या जवळ जाणारे मराठी वाक्य 'चोर पकडला गेला' हे. या घडणीला आपल्या शालेय व्याकरणांत नवीन कर्मणी असेही म्हणतात आणि तिचा संबंध इंग्रजीशी जोडतात, यातच सारे आले. हा फरक न सांगितल्यामुळे 'रामाने पोळी खाल्ली' याचे भाषांतर करताना हुशार विद्यार्थीही पोळी रामाकडून खाल्ली गेल्याचे इंग्रजी लिहितो. तो मराठी व्याकरणाशी प्रामाणिक असतो, आणि गुण मात्र इंग्रजीत गमावतो.

अशा तुलनेची एक शाळा एके काळी आपल्याकडे चालू होती. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. एक नियम, त्यावर मराठी वाक्ये, त्यांचे इंग्रजी; मग इंग्रजी वाक्ये, त्यांचे मराठी. या पद्धतीचे दोष उघड होते. वाक्ये कृत्रिम असत, एकापाठोपाठ येणाऱ्या दोन वाक्यांचा परस्परांशी संबंध नसे, आणि पाठमाला पुरी केलेला माणूस साहेबासमोर उभा राहिला की गप्प होई. तरीही तिच्यात एक गृहीत होते. इंग्रजी शिकायला बसलेला माणूस रिकाम्या हाताने आलेला नाही, त्याच्यापाशी एक पूर्ण भाषा आहे, आणि शिक्षणाची सुरुवात तिथूनच व्हायची आहे, हे ते गृहीत.

दरम्यान व्याकरणाचे सामाजिक मोल बदलत गेले. शिक्षण मराठीतून द्यावे की इंग्रजीतून, हा वाद मुंबई इलाख्यात १८४० च्या दशकात गाजला. कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषेच्या बाजूचे, तर सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, आणि इंग्रजी ही ज्ञानाची भाषा होती ती त्याबरोबरच दारावरची परीक्षाही झाली. याच काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले, आणि १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या सावित्रीबाई या भाषेकडे वेगळ्या दृष्टीने पाहत होत्या. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या संस्कृतचे दार बंद होते, त्यांना हे नवे दार उघडे दिसले. ते तसे होतेही. पण दाराशी शुद्धाशुद्धतेची चाळण लागली की नियम कोणाच्या घरात आधीपासून बोलले जातात यावर पुष्कळ काही ठरू लागते. ज्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते, त्याला 'द'चा नियम शिकावा लागत नाही. यॉर्कच्या मुलींसारखाच तो नियम त्याच्या कानावरून गेलेला असतो. ज्याच्या घरी येत नाही त्याला नियमच हवा असतो, आणि तोही समजेल अशा भाषेत.

नेमकी ती भाषा पुढे वर्गाबाहेर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तर भारतातील शिक्षणखात्यात अधिकारी राहिलेल्या नेसफील्डची व्याकरणे देशभर चालली. १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक आले. यातील रेन म्हणजे 'बो जेस्ट' ही साहसकथा लिहिणारा कादंबरीकार पी. सी. रेन, जो मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता. ही पुस्तके पद्धतशीर होती, पण त्यांना साऱ्या हिंदुस्थानात खपायचे होते. त्यामुळे तमिळ, बंगाली आणि मराठी विद्यार्थ्यांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत, हे त्यांत दिसणे शक्य नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होऊ लागले, पुढे महाराष्ट्रात ते पाचवीपासून आले, आणि २००० पासून पहिलीपासून. शिकवण्याची पद्धतही बदलली. आधी रचनांचा सराव आला, आणि त्याने मातृभाषा टाळायला सांगितले. मग संवादावर भर आला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाने नियम न शिकवता, मुलांना उलगडायला कोडी आणि कामे देऊन भाषा शिकवता येते का, याचा गंभीर शोध घेतला. यातील कोणताही विचार टाकाऊ नव्हता. पाठमालेच्या मुक्या इंग्रजीला ते सारे योग्य उत्तर होते.

पण खेड्यापाड्यातल्या साठ-सत्तर मुलांच्या वर्गात मराठी काही गेली नाही. ती राहिली, मात्र चोरासारखी. शिक्षक धड्याचा अर्थ मराठीत सांगतात, आणि तपासणीला कोणी आले की थांबतात. अर्थ सांगण्यापुरती मराठी उरली, तुलना करण्यापुरती उरली नाही. दोन भाषा शेजारी ठेवून दोहोंचा विचार करण्याची 'दर्पण'काळातली रीत मात्र मोडली. आणि यात आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचाही वाटा आहे. इंग्रजीचे व्याकरण हा इंग्रजी विभागाचा प्रश्न, असे म्हणून आम्ही मोकळे झालो. शब्दक्रमाने निश्चितता दाखवणारी भाषा आम्ही रोज शिकवत होतो, पण ती तसे करते हे विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज आम्हाला वाटली नाही.

त्या मुलीला हे सांगायचे राहून गेले. उत्तर हाती लागेपर्यंत तिची तीन वर्षे संपली होती. आता आठ शब्दजातींच्या तासाला मी यादी लिहून झाल्यावर खाली नववा आकडा टाकतो आणि त्याच्यापुढची जागा रिकामी ठेवतो. मग शेजारी दोन वाक्ये लिहितो, 'पुस्तक टेबलावर आहे' आणि 'टेबलावर पुस्तक आहे', आणि फरक विचारतो. सुरुवातीला शांतता असते. मग कोणीतरी, बहुधा इंग्रजीच्या तासाला न बोलणारे कोणीतरी, हळूच सांगते की पहिले पुस्तक आपल्याला माहीत असलेले आहे. तिथून पुढे 'द' शिकवायला फार वेळ लागत नाही.